जुनी गाडी विकताना किती सांगावे?



दसरा-दिवाळी जवळ आली, किंवा धान विकून हातात चार पैसे आले, की पुष्कळ घरांत एक विषय हमखास निघतो. दारातली जुनी गाडी काढून नवी घ्यायची का? मुले मोठी झालेली असतात, मागच्या सीटवर आता तिघे बसत नाहीत, पंधरा वर्षे भरत आल्यामुळे नोंदणीच्या नूतनीकरणाची चिंता असते. शोरूमवाला म्हणतो, जुनी आणा, नवी न्या. शेजारचा म्हणतो, बाहेर कशाला देता, आम्हालाच द्या. नवी गाडी घेण्यात काही गैर नाही. ऐपत असेल आणि कर्जाचा बोजा घरावर येणार नसेल, तर तो ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. परंतु जुनी गाडी दुसऱ्याच्या हाती देताना एक प्रश्न उभा राहतो आणि तो सोयीचा नसून विवेकबुद्धीचा आहे. गाडीतले दोष आपल्याला ठाऊक असतात. घेणाऱ्याला त्यातले किती सांगायचे?

प्रश्न किरकोळ वाटेल. गाडी म्हणजे लोखंड-पत्रा, आणि व्यवहार म्हणजे व्यवहार, त्यात धर्म कशाला आणायचा, असे कोणी म्हणेल. पण आपला धर्म रविवारच्या मिस्सापुरता नाही. तो सोमवारच्या बाजारातही आपल्याबरोबर यायला हवा. बेनसिराच्या पुस्तकात (२७:२) एक मार्मिक दाखला आहे. दोन दगडांच्या फटीत जशी खुंटी घट्ट बसते, तसे विकणे आणि घेणे यांच्या मधोमध पाप जाऊन बसते, असे तो शहाणा माणूस सांगतो. त्याने बाजार वाईट म्हटलेला नाही. फट कुठे असते तेवढे दाखवले आहे.

आपल्या पिढीतल्या अनेकांची पहिली गाडी म्हणजे मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये ती पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत सायकल आणि स्कूटरवर फिरणारी कितीतरी कुटुंबे चार चाकांवर आली. अशा गाडीतून आपण बाळाला बाप्तिस्म्यासाठी चर्चमध्ये आणले, रात्री-अपरात्री आजाऱ्याला नागपूरच्या दवाखान्यात नेले, साकोली-तुमसरच्या लग्नांना गेलो. म्हणूनच ती विकताना घरातल्या बायका-मुलांचे डोळे ओलावतात. ही माया खोटी नाही. पण त्या मायेचा दुसरा अर्थ असा की या गाडीला आपल्याइतके कोणीच ओळखत नाही. चढावर ती कुठे दम टाकते, पावसाळ्यात कोणता दिवा विझतो, ब्रेक किती दाबल्यावर लागतो, हे सारे आपल्याला पाठ असते. घेणारा मात्र अर्धा तास पाहतो, गावाबाहेर एक चक्कर मारतो आणि वर्षानुवर्षांची पुंजी आपल्या हातावर ठेवतो. दोघांच्या माहितीत जे अंतर असते, तेच आपल्या परीक्षेचे ठिकाण आहे.

गाडीतले दोष दोन प्रकारचे असतात. टायर झिजले आहेत, रंग उडाला आहे, सीटचे कव्हर फाटले आहे, हे कोणालाही दिसते. दुसरे दोष दिसत नाहीत. अपघातात वाकलेला सांगाडा ठोकून सरळ केलेला असतो आणि वरून लांबी भरून रंग मारलेला असतो. किलोमीटरचा मीटर मागे फिरवलेला असतो. ब्रेक कधीतरी अचानक खाली बसतो, पण रोज बसत नाही.

आपल्या जिल्ह्याला आणखी एक दोष माहीत असायला हवा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहराच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-वाळवून चकचकीत करता येते. गाळ निघून जातो, वास जातो, इंजिनही सुरू होते. पण तारांच्या जोडांमध्ये आणि पत्र्याच्या पोकळीत शिरलेला ओलावा हळूहळू गंज धरतो. गाडी कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी, भर रस्त्यात बंद पडते. ती पाण्यात होती हे ज्याच्या दारात ती उभी होती त्यालाच ठाऊक असते. तो बोलला नाही, तर ते कळायला दुसरा मार्ग जवळजवळ नसतो.

गाड्या येण्याआधी आपल्या पूर्वजांनी हाच प्रश्न बैलबाजारात सोडवला होता. बैल घेताना दात पाहायचे, चाल पाहायची, खांदा पाहायचा, हे घेणाऱ्याचे काम. पण बैलाला खोड असेल, तो मारका असेल किंवा नांगराला बसकण मारत असेल, तर ते एका चकरेत दिसत नाही. म्हणून खोड सांगून विकणारा शेतकरी गावात भला माणूस गणला जाई, आणि मारका बैल गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात बांधणाऱ्याचे नाव पंचक्रोशीत खराब होई.

जुन्या करारातही हाच मारका बैल भेटतो. निर्गम ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात नियम आहे की बैलाने अचानक कोणाला हुंदडून मारले, तर मालक निर्दोष. परंतु बैल आधीपासून मारका होता, मालकाला तशी ताकीद मिळाली होती आणि तरीही त्याने त्याला आवरले नाही, तर मालकाच्या डोक्यावर मृत्यूचा दोष येतो. बैल तोच, मृत्यूही तोच. फरक पडला तो मालकाला ठाऊक होते की नव्हते, एवढ्याने. ठाऊक असणे हीच जबाबदारी, हा धडा तिथे आहे. ब्रेक दगा देतो हे ठाऊक असलेली गाडी म्हणजे आपल्या काळातला मारका बैल होय. लेवीय ग्रंथात (१९:१४) आंधळ्याच्या वाटेवर अडखळण ठेवण्यास मनाई आहे. गाडीच्या आतल्या दोषाबाबत घेणारा आंधळाच असतो, हे आपण विसरू नये.

ख्रिस्तसभेच्या महान आचार्यांपैकी एक, संत थॉमस अक्वायनस, यांनी तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात नेमका हाच प्रश्न घेतला आहे: विकणाऱ्याने वस्तूचा दोष सांगितलाच पाहिजे का? त्यांच्यासमोर गाडी नव्हती, घोडा होता. त्यांचे उत्तर असे. दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका असेल, तर तो सांगणे बंधनकारक आहे. लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणे, ढासळणारे घर मजबूत म्हणून विकणे, नासके अन्न चांगले म्हणून विकणे, ही त्यांची उदाहरणे आहेत. असा व्यवहार अन्यायाचा आहे आणि विकणाऱ्याला नुकसानभरपाई करावी लागेल, असे ते स्पष्ट सांगतात.

पण संत थॉमस व्यवहार न कळणारे नव्हते. घोड्याला एकच डोळा आहे हे समोरच्याला दिसत असेल आणि विकणाऱ्याने किंमत त्या मानाने आधीच कमी धरली असेल, तर तेच पुन्हा उगाळून सांगायची गरज नाही, असेही ते म्हणतात. कारण मग घेणारा वाजवीपेक्षा जास्त पैसे कापून मागेल. तसेच दोषांची दवंडी पिटण्याची गरज नाही. दवंडी ऐकून लोक वस्तूचे गुण न पाहताच पळतील. मात्र जो प्रत्यक्ष विकत घ्यायला समोर येतो, त्या प्रत्येकाला दोष सांगितला पाहिजे. आजच्या भाषेत सांगायचे तर मोबाइलवरच्या जाहिरातीत गाडीचे सगळे दुखणे लिहायला नको. पण जो माणूस अंगणात येऊन किल्ली हातात घेतो, त्याच्याशी लपवाछपवी नको.

येथे काही जण विचारतील, 'कायदा काय म्हणतो?' भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या सतराव्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे आणि गंमत म्हणजे तिथेही उदाहरण घोड्याचेच आहे. दोष मुद्दाम झाकणे ही फसवणूक आहे. परंतु नुसते गप्प राहणे ही सहसा फसवणूक धरली जात नाही. एक माणूस लिलावात आजारी घोडा विकतो आणि आजाराबद्दल काहीच बोलत नाही, तर कायद्याच्या दृष्टीने ती फसवणूक नाही. पण लगेच पुढचे उदाहरण येते. घोडा घेणारी त्या माणसाची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर? मग त्या नात्यामुळे आजार सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते.

बंधुभगिनींनो, या दोन उदाहरणांच्या मध्ये आपला सारा प्रश्न उभा आहे. परका असेल तर गप्प बसलेले चालते, मुलगी असेल तर चालत नाही. घोडा तोच, आजारही तोच, फक्त नाते बदलले. कायद्याला नाती मोजावी लागतात आणि म्हणून त्याला कुठेतरी रेषा ओढावी लागते. त्यात कायद्याचा दोष नाही. पण येशूला एका शास्त्र्याने हीच रेषा ओढायला सांगितली होती: माझा शेजारी कोण? म्हणजे कोणापर्यंत माझे कर्तव्य आहे आणि कुठे ते संपते? उत्तरादाखल प्रभूने चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली आणि ती रेषाच पुसून टाकली (लूक १०:२५-३७). रस्त्यावर पडलेला माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, हे त्या शोमरोन्याने विचारले नाही.

म्हणून गाडी विकताना ख्रिस्ती माणसाने स्वतःला विचारायचा प्रश्न सोपा आहे. ही गाडी मी माझ्या लेकीला दिली असती, तर तिला काय सांगितले असते? "बाई, घाटात ब्रेक जपून लाव, आधी दुरुस्त करून घे," असे सांगितले असते ना? मग तेच या परक्या माणसाला सांगायचे. त्याच्याही मागच्या सीटवर कोणाची तरी लेक बसणार आहे.

यावर ज्या हरकती घेतल्या जातात त्यांचाही विचार करू.

पहिली हरकत: खरे सांगितले तर नुकसान होते. हिशोब मांडून पाहू. समजा गाडीची किंमत एक लाख येते आणि ब्रेकच्या कामाला आठ हजार लागतात. आपल्यासमोर दोन सरळ मार्ग आहेत. आठ हजार खर्चून काम करावे आणि पूर्ण किंमत घ्यावी, किंवा दोष सांगून ब्याण्णव हजारांत द्यावी. दोन्हींत आपल्या हाती ब्याण्णव हजारच राहतात, कारण गाडीची खरी किंमत तेवढीच आहे. गप्प राहून एक लाख घेतले, तर वरचे आठ हजार आले कुठून? घेणाऱ्याच्या खिशातून, त्याच्या नकळत. सातवी आज्ञा ज्याबद्दल आहे ते हेच. खरे सांगणाऱ्याचे नुकसान होत नाही. जे त्याचे नव्हतेच ते त्याला मिळत नाही, इतकेच.

दुसरी हरकत: घेणारा तरी कुठे सरळ असतो? तो चांगल्या गाडीलाही नावे ठेवतो. हे खरे आहे आणि पवित्र शास्त्रालाही ते माहीत आहे. नीतिसूत्रांत (२०:१४) असा गिऱ्हाईक येतो, जो घेताना माल वाईट, वाईट म्हणतो आणि पाठ फिरली की स्वस्तात मिळाल्याची बढाई मारतो. घासाघीस करणे पाप नाही. आपणही आपल्या किमतीवर ठाम राहावे, गाडीचे गुण अभिमानाने सांगावेत. खरेपणा म्हणजे माल फुकट देणे नव्हे. पण घेणाऱ्याची अतिशयोक्ती आणि आपली लबाडी यांची फिटंफाट होत नाही. त्याच्या बोलण्याने आपल्या खिशाला धक्का बसेल. आपल्या गप्प राहण्याने त्याच्या जिवाला धक्का बसू शकतो.

हीच गोष्ट उलट बाजूनेही लागू आहे. कोणाच्या घरी आजारपण आले आहे, ऑपरेशनसाठी पैसे हवेत, म्हणून तो घाईने गाडी काढतो आहे, असे कळल्यावर निम्म्या किमतीला मागणारा गिऱ्हाईकही सज्जन नाही. दुसऱ्याच्या अडचणीवर किंवा अज्ञानावर स्वतःचा नफा उभारणे हे सातव्या आज्ञेविरुद्ध आहे, अशीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे. विकणाऱ्याचे अज्ञान असो वा घेणाऱ्याचे, माप एकच.

तिसरी हरकत आजकाल सर्वांत जास्त ऐकू येते: मी गाडी माणसाला विकत नाही, शोरूमला बदल्यात देतो आहे. त्यांचे मेकॅनिक आहेत, ते तपासून घेतात. यात थोडे तथ्य आहे. जे तपासणीत उघड दिसते ते ते पाहतील आणि किंमत लावतील. पण शोरूमवाला ती गाडी चालवणार नाही. ती एका व्यापाऱ्याकडे जाईल, तिथून दुसऱ्याकडे आणि शेवटी पवनी किंवा लाखांदूरकडच्या एखाद्या कुटुंबाची पहिली गाडी होईल. आपण त्या कुटुंबाला कधी पाहणार नाही. साखळी लांब असली म्हणून आपली कडी सुटत नाही. आपण एवढे करू शकतो की लपलेला धोका, पुरात बुडाल्याची किंवा मोठ्या अपघाताची गोष्ट, शोरूमवाल्याला सांगावी आणि शक्य तर कागदावर लिहून द्यावी. मग पुढच्याने ती दडवली तर त्याचा हिशोब तो देईल. दलालाला 'तू बघून घे, मला काही सांगू नकोस' म्हणून हात झटकणे मात्र हात धुणाऱ्या पिलाताचे अनुकरण आहे.

या खरेपणाचा एक भाग कागदांचाही आहे. पुष्कळ जण पैसे घेतात, टीटी फॉर्मवर सह्या करून देतात आणि गाडी विसरून जातात. नाव बदलले की नाही हे पाहतच नाहीत. मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच एका गाडीचे प्रकरण आले होते. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरत गेली, पण नोंदणी पहिल्याच्याच नावावर राहिली, आणि त्या गाडीने अपघात झाला. न्यायालयाने सांगितले की नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक, आणि नुकसानभरपाई त्यानेच द्यायची. अपघातग्रस्ताने गाडी कोणी कोणाला विकली याचा माग काढत फिरायचे का, हा त्यामागचा विचार आहे. म्हणजे नाव बदलून देणे ही स्वतःची सुटका तर आहेच, पण रस्त्यावरच्या अनोळखी जखमी माणसाबद्दलचा न्यायही आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या आपल्यात बोलायला हवी. या जिल्ह्यात आपण कॅथोलिक मूठभर आहोत. सगळे एकमेकांना ओळखतात. आपल्यातला कोणी गाडी काढतो तेव्हा घेणारा मेकॅनिकला आणतही नाही. चर्चमधला माणूस आहे, फसवणार थोडाच, असे म्हणतो. आरशाला टांगलेली रोझरी आणि डॅशबोर्डवरचे संत क्रिस्तोफरचे पदक पाहून बिगरख्रिस्ती माणूसही निर्धास्त होतो. हा विश्वास आपण एकट्याने कमावलेला नाही. शाळांतल्या सिस्टरांनी, दवाखान्यांतल्या परिचारिकांनी, आपल्या आजी-आजोबांनी तो वर्षानुवर्षे साठवला आहे. एका गाडीच्या आठ हजारांसाठी तो खर्च करण्याचा अधिकार आपल्याला नाही. गाडी देताना रोझरी आणि पदक काढून घेतोच. जाताना त्यांच्या जागी खरे बोलणे ठेवून जावे.

आणि समजा गाडी केव्हाच विकून झाली आहे, आणि हे वाचताना कोणाच्या मनाला काही टोचते आहे, तर? जक्कयाची आठवण ठेवावी (लूक १९:१-१०). त्याने प्रभूसमोर नुसता पश्चात्ताप बोलून दाखवला नाही. ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देतो म्हणाला, आणि तारण त्याच्या घरी आले. आपल्याला बहुधा चौपटीची गरज पडणार नाही. गाडीत धोका असेल तर आजच्या आज फोन करून सांगावे, कारण धोका रविवार-सोमवार पाहत नाही. पैशांचा प्रश्न असेल तर दुरुस्तीचा खर्च उचलावा किंवा वाटून घ्यावा. घेणारा सापडतच नसेल तर आपल्या धर्मगुरूंचा सल्ला घ्यावा. पापनिवेदनात क्षमा मिळते. पण ज्याचे घेतले त्याला ते परत करण्याचे कर्तव्य त्याने संपत नाही, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे, आधी जाऊन त्याच्याशी समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे (मत्तय ५:२३-२४). तो भाऊ कदाचित आज आपल्या जुन्या गाडीतून राष्ट्रीय महामार्गाने साकोलीकडे निघाला असेल. पुढे वळण आहे, ट्रक आहेत, मागे मुले झोपली आहेत. ब्रेकबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते त्यालाही ठाऊक असू द्या.